शहराच्या शोभायात्रेत गावाकडचे वाजंत्री: आपले अनुभव लिहा

चैत्रांगण

गेल्या आठवड्यात कामानिमित्त जव्हारच्या पुढे एका पाड्यावर जाणे झाले. भातकापणी नुकतीच उरकली होती आणि संध्याकाळी खळ्याजवळ तारपा वाजू लागला. तो सूर ऐकताच काही वर्षांपूर्वीच्या पाडव्याची सकाळ आठवली आणि तेव्हापासून मनात असलेला प्रश्न पुन्हा वर आला, म्हणून हा धागा.

गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली आणि पुढे ठाणे, गिरगाव असे करत गावोगावी पोहोचली, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या उपनगरातल्या यात्रेत त्या वर्षी ढोल-ताशा पथके, लेझीम, चित्ररथ आणि नऊवारी नेसून दुचाकीवर निघालेल्या महिला यांच्या मध्ये डहाणूकडचा एक तारपावादक आणि त्याच्याबरोबरचे नाचणारे होते.

वाळवलेला भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, असे हे वाद्य. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो, त्यामुळे सूर अखंड वाहतो. एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती फिरतात, सूर बदलला की त्यांची पावले बदलतात, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही असा रिवाज आहे. जिव्या सोमा म्हसे आणि त्यांच्या मागून आलेल्या वारली चित्रकारांमुळे ते वेटोळे आता शहरातल्या दिवाणखान्यांच्या भिंतींवरही दिसते. यात्रेत मात्र वेटोळे घालण्याइतकी जागाच नव्हती. पुढचे पथक पुढे गेलेले, मागचे रेटत आलेले आणि स्वयंसेवक सारखे पुढे चला म्हणत होते. शेवटी नाचणाऱ्यांनी रांग धरली, वादक त्यांच्या पुढे चालू लागला, आणि मागून येणाऱ्या ढोलांच्या आवाजात तारपा पार बुडाला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांनी छायाचित्रे भरपूर काढली, पण त्यांच्यापैकी कितीजणांना तो ऐकू आला असेल?

या कलावंतांना बोलावू नये असे मी मुळीच म्हणत नाही. बोलावलेच पाहिजे. परंतु माणसांना भोवती गोळा करण्यासाठी जन्मलेले वाद्य आपण सरळ रेषेत चालवतो, याचा विचार व्हायला हवा असे मला मनापासून वाटते. पाडवा, शिगमो, दसरा, कोणत्याही शहरी मिरवणुकीत आपण गावाकडचे वादक ऐकले असतील किंवा स्वतः वाजवले असेल, तर कृपया लिहा.

पंचगंगा

माझे आजोबा हलगी वाजवत, वडील घुमके (हलगीच्या साथीचे चर्मवाद्य) आणि चुलते कैताळ (झांजा). आम्ही मातंग समाजाचे. कुस्तीच्या मैदानात जोड लागली की हलगी कडाडायची ती आमच्याच घरातली, आणि गावात दवंडी द्यायची तीही आमच्याच घराने. पुण्याजवळच्या एका शहरातून पाडव्याच्या यात्रेसाठी पहिल्यांदा सुपारी आली तेव्हा मी शाळेत होतो आणि हट्टाने बरोबर गेलो.

चैत्र असला तरी पहाटे हवेत गारवा होता आणि हलगीचे कातडे सैल पडले होते. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. गावात पालापाचोळा पेटवला की काम होते, पण तिथे रस्त्यावर जाळ करू नका असे सांगण्यात आले, आणि ते सांगणाऱ्याचेही चुकले नव्हते, कारण आजूबाजूला कापडी कमानी होत्या. चहाच्या टपरीवाल्याने आपला स्टोव्ह मोकळा करून दिला. वडील एकेक हलगी त्यावर धरून फिरवत होते, बोटाने टिचकी मारून आवाज पाहत होते, आणि आमची पाळी येईपर्यंत पहिल्या दोन हलग्या पुन्हा थंड झाल्या होत्या. जी हलगी अर्धा मैल ऐकू जाते ती त्या दिवशी पन्नास पावलांवर विरत होती, आणि ऐकणाऱ्यांना वाटले असेल की हलगी अशीच असते. आयोजकांनी स्टेशनरीपासून फेट्यांपर्यंत सगळ्याची यादी केली होती. एका शेगडीची नोंद तीत असती तर फरक पडला असता.

तरीही हे लिहितो की त्या दिवशी एका वयस्क बाईंनी आजोबांच्या कपाळाला गंध लावून त्यांना फेटा बांधला. गावात ज्या वाड्यांसमोर त्यांनी आयुष्यभर वाजवले तिथे त्यांना पायरीखालीच उभे राहावे लागे. तो फेटा आमच्या घरी अजून आहे. म्हणून शहरातल्या यात्रेबद्दल तक्रार करताना माझा हात थोडा अडखळतो.

गिरगावची सून

पंचगंगा दादा, आपले लिखाण वाचून डोळे भरून आले. भाजी चिरता चिरता लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते.

आमच्याकडे यात्रा फडके गणपती मंदिरापासून निघते आणि आम्ही गॅलरीतून पाहतो. ढोल छातीत वाजतात, ते मला आवडतातच. पण सासूबाई वाट पाहत असत ती संबळाची. त्यांच्या माहेरी घरच्या लग्नानंतर गोंधळ असे, आणि संबळावरची आकड्याच्या काठीची थाप ऐकली की त्या हातातले काम टाकून बाहेर येत. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे टाळेबंदीचा पहिलाच दिवस. रस्ता रिकामा होता आणि त्या सकाळभर गॅलरीत बसून होत्या. २०२२ च्या पाडव्याला निर्बंध उठले, यात्रा पुन्हा निघाली, परंतु त्या वर्षी संबळवाले दिसले नाहीत. दोन वर्षे जत्रा आणि लग्नकार्ये बंद असताना या माणसांनी घर कसे चालवले असेल, हे आपल्यापैकी कोणी त्यांना विचारले होते का?

माडाखाली

धागाकर्त्यांचा मुद्दा गोव्यातून पाहिला तर थोडा वेगळा दिसतो. शिगम्यातले रोमटामेळ मुळातच चालण्यासाठी आहे. गावच्या मांडावर, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या पवित्र जागेवर, गाऱ्हाणे घालायचे आणि मग ढोल, ताशे, कासाळे (झांजा) वाजवत, ‘ओस्सय’ म्हणत देवळाकडे जायचे, ही त्याची रीतच आहे. त्यामुळे पणजी, मडगाव, फोंडा किंवा म्हापसा येथे शिगमोत्सवाची मिरवणूक निघते तेव्हा रोमटामेळाला शहराचा रस्ता परका वाटत नाही. पावलांचा ठेका आणि ढोलाचा ठेका एकच असतो, माणूस चालला नाही तरच तो चुकेल.

घुमटाचे तसे नाही. घुमट म्हणजे मातीचे भांडे, एका तोंडाला कातडे ताणलेले आणि दुसरे तोंड उघडे. ते उघडे तोंड तळहाताने झाकत आणि उघडत त्याचा खोल नाद घडवायचा असतो. शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे यांच्या साथीने बसून सुवारी हा वादनप्रकार वाजवला जातो तेव्हा ते खरे फुलते. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत; वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला, याचा मला अतिशय आनंद झाला होता. पण तेच घुमट गळ्यात अडकवून, ध्वनिक्षेपक लावलेल्या चित्ररथाच्या मागे चालताना मी माझ्या मामांना पाहिले आहे. मातीच्या भांड्याने विजेच्या आवाजाशी कशी झुंज द्यावी? परीक्षकांच्या मंचासमोर मात्र रथ पुढे जातो, मागच्यांना थांबवतात, आणि तेवढा वेळ घुमट स्वच्छ ऐकू येते. सगळी गर्दी त्या एका ठिकाणी का दाटते, याचे कारण मला तरी तेच वाटते.

तेव्हा चालणारे संगीत कोणते आणि थांबणारे कोणते, एवढे ओळखून क्रम लावला तरी बरेच साधेल.

जर्सीतला ताशा

न्यूयॉर्कला ऑगस्टमध्ये मॅडिसन अव्हेन्यूवर भारताच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त संचलन असते, त्यात आमचे ढोल-ताशा पथक वाजवते. आम्ही सगळे नोकरदार, सरावाला रविवारी कोणाच्या तरी कार्यालयाच्या मोकळ्या वाहनतळावर जमतो. दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींमुळे ताशाची तर्री अशी परत येते की दुसरे पथक उत्तर देत आहे असे वाटते. मात्र पंचगंगा यांचे वाचल्यावर जाणवले की आम्ही येथे ढोल आणला, ताशा आणला, पण हलगी आणली नाही. ती ज्यांच्या हातात बोलते त्यांच्यापर्यंत आमची ओळखच नव्हती. पंचगंगा, हलगीला कातड्याऐवजी कृत्रिम पान बसवतात असे ऐकले आहे, ते कसे वाजते?

पंचगंगा

बसवतात. पावसाळ्यात आणि लांबच्या प्रवासात त्याचा उपयोग होतो, शेकावेही लागत नाही. आवाज मात्र टणक येतो. कातड्याच्या हलगीत कडाडण्याच्या खाली जी गरम गुंज असते ती त्यात उतरत नाही. नवीन मुलांनी हात बसवण्यासाठी ते वापरावे, असे वडील सांगतात.

समितीतला एक

मी एका स्वागतयात्रेच्या समितीत काम करतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. यात्रेला ठरावीक वेळ मिळते, पोलिसांना चौक मोकळे हवे असतात, शेकडो पथके असतात, आणि मागचे पथक रेटू लागले की स्वयंसेवकांचा नाइलाज होतो. तरी धागाकर्त्यांनी वर्णन केलेला प्रसंग मीही पाहिलेला असल्यामुळे आम्ही दोन गोष्टी बदलल्या. तारपा, संबळ, पावरी अशा वादकांना आता आम्ही चालवत नाही. मार्गावरच्या मोठ्या चौकांत आधीच रिंगण आखून त्यांना तेथे बसवतो आणि यात्रा त्यांच्याजवळून जाते. जाताना ढोल पथकांनी शंभर पावले वादन थांबवायचे, हे पथकप्रमुखांकडून आधी कबूल करून घेतो. पहिल्या वर्षी नाराजी झाली, आता तीच पथके थांबून ऐकतात आणि मुले वादकांना प्रश्न विचारतात.

दुसरी गोष्ट पैशांची. गाडीभाडे, न्याहारी आणि मानधन यांची व्यवस्था यात्रा निघण्यापूर्वी पूर्ण करतो. या माणसांचा एक दिवस म्हणजे एक मजुरी असते, आणि सत्काराची शाल देऊन ती भरून निघत नाही. शेगडीचे मात्र आजवर कधी सुचले नव्हते. पंचगंगा, यंदा ती नक्की ठेवू. आपल्याकडच्या मंडळींना बोलवायचे असेल तर किती आधी सांगावे लागेल?

गिरगावची सून

शंभर पावले थांबण्याची कल्पना फारच आवडली. आमच्या वाडीतल्या मुलांच्या पथकाला आजच दाखवते.

चैत्रांगण

समितीतल्या मित्रांचे मनापासून आभार. चौकात रिंगण आखताना एक विनंती आहे. तारपावाल्यांना सतरंजी आणि खुर्च्या देऊन बसवू नका, मधली जागा पूर्ण मोकळी सोडा, कारण वादक स्वतःही सावकाश फिरत असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी बाहेरच्या बाजूला पसरते.

पंचगंगा

साहेब, माघ संपायच्या आत सांगा. पाडव्यानंतर पंधरवड्याने चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते आणि सासनकाठ्यांपुढे वाजवण्यासाठी आमच्याकडच्या बहुतेक हलग्या आधीच ठरलेल्या असतात. सरावही पाडव्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे ऐनवेळी माणसे मिळत नाहीत. तीन हलग्या, एक घुमके आणि एक कैताळ एवढा ताफा एका चौकाला पुरतो. शेगडी कोळशाची असावी. गॅसच्या ज्योतीने कातडे एकाच जागी तापून फाटते.