गॅसची फायरप्लेस बदलताना : धुराडे बुजवण्यापूर्वी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या घराच्या दिवाणखान्यातली गॅसची फायरप्लेस नव्याने सजवताना दगडी चौकट काढून लाकडी फळ्या लावाव्यात, वर टीव्ही टांगावा आणि धुराडे कायमचे बुजवावे, असा विचार आपण मांडला आहे. चौकटीबद्दल मतभेद असू शकतात (ग्वाल्हेरचा वालुकाश्म तापल्यावर ऊब बराच वेळ धरून ठेवतो, म्हणून मी तो काढला नसता), परंतु धुराडे बुजवण्यापूर्वी बर्नर कोणत्या प्रकारचा आहे, हे तपासणे अत्यावश्यक आहे. ज्या बर्नरचे ज्वलनवायू धुराड्यावाटे बाहेर जातात, त्याचे धुराडे बंद केल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीतच साचू शकतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन या गंधकयुक्त रसायनाचा उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नसतो. जानेवारीत दारे-खिडक्या घट्ट लावून बसण्याची आपल्याकडची सवय अशा वेळी घातक ठरते. काचेने बंदिस्त, बाहेरचीच हवा घेऊन बाहेरच सोडणारा संच घेतला, तर जुन्या धुराड्यावर अवलंबून राहावे लागत नाही, पण त्याची स्वतःची नळी बाहेर काढावीच लागते.

सिलिंडरवरून पाइपलाइनच्या गॅसवर जायचे असल्यास बर्नरचे जेटही (गॅस सोडणारी बारीक तोंडे) बदलावे लागतात. सिलिंडरच ठेवणार असाल, तर तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळतीसूचक यंत्र जमिनीलगत बसवावे. पाइपलाइनचा गॅस हलका, त्यासाठी ते छताजवळ हवे. लाकूड आणि टीव्ही किती अंतरावर असावेत, हे संचाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ते सुताराच्या अंदाजावर सोडू नये.