तीन लहान मुले, पाचवा महिना आणि तिसरा मजला

सिडकोकर_आई :

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. मोठी मुलगी सहा वर्षांची, मधली साडेतीन वर्षांची आणि धाकटा चौदा महिन्यांचा आहे. मला आता पाचवा महिना सरत आला असून फेब्रुवारीच्या मध्याची तारीख मिळाली आहे. धाकटा अंगावर पीत होता, त्यामुळे दिवस राहणार नाहीत असे मी धरून चालले होते.

यजमान अंबडच्या कारखान्यात पाळीने जातात. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी घरी येऊन झोपतात आणि नेमके तेव्हाच पाणी भरणे, मोठीचा डबा आणि धाकट्याची आंघोळ एकत्र येते. सासू-सासरे निफाड तालुक्यात असतात. सध्या त्यांच्या द्राक्षबागेची छाटणी चालू आहे आणि फेब्रुवारीत तर ऐन तोडणी असेल. माझी आई हयात नाही.

काल धाकट्याला टबातून उचलताना कमरेत अशी चमक भरली की त्याला तसाच ओला मांडीवर घेऊन मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मधलीने पळत जाऊन टॉवेल आणला आणि तो त्याच्याऐवजी माझ्या डोक्यावर टाकला. त्यातच दिवाळीच्या ब्लाउजची शिलाई अंगावर आहे आणि हिमोग्लोबिन 9.6 आले आहे. दवाखान्यात विचारायला गेले, तर ‘तुम्हाला एवढेही कळत नाही का’ असे चारचौघांत ऐकावे लागले, म्हणून इथे विचारते. धाकट्याचे दूध तोडावे का? त्याला उचलणे कितपत चालेल? आणि बाळंतपणाच्या दिवसांत तिघांची सोय कशी लावावी?

पंचवटीच्या_काकू :

अगं, मी चार मुले वाढवली, त्यातली तीन पाच वर्षांच्या आत झाली, म्हणून हक्काने लिहिते. सगळे नीट कसे होईल हा विचार आधी सोड आणि काय केले नाही तरी चालेल ते ठरव. मुलांच्या आंघोळी सकाळीच व्हायला हव्यात असा कोणताही नियम नाही; यजमान उठले की संध्याकाळी त्यांनीच त्या घालाव्यात. टब मोरीत एका कडेला उभा करून ठेव आणि धाकट्याला जमिनीवरच बसवून आंघोळ घाल, म्हणजे त्याला उचलून बाहेर काढण्याचा प्रश्नच उरत नाही. तो हात वर करून समोर आला की तू खाली बस आणि त्याला आपणहून मांडीवर चढू दे. एवढ्या वयाच्या मुलाला उचलले जाण्यापेक्षा जवळ घेतले जाणे हवे असते.

ब्लाउज हाती घेतलेत तेवढे पूर्ण कर, नवीन घेऊ नकोस. गिऱ्हाईक रुसले तर रुसू दे. फराळ या वर्षी बचत गटाकडून विकत आणावा. (माझ्या सासूबाईंनी हे वाचले असते, तर मला घरात घेतले नसते.) मधलीचे नाव जवळच्या अंगणवाडीत घाल. तिथे तीन ते सहा वर्षांची मुले घेतात, आणि सकाळचे ते दोन-तीन तास तुला मोकळे मिळणे फार मोलाचे आहे. बाळंतपणाच्या वेळी मात्र तिघांनाही सरळ निफाडला पाठवावे, असे माझे मत आहे.

निवृत्त_परिचारिका :

ताई, तुम्हाला चारचौघांत बोलणे गैरच होते. अंगावर पाजताना दिवस राहत नाहीत, हे फक्त पहिल्या सहा महिन्यांपुरते आणि तेही बाळाला दुसरे काहीच दिले जात नसेल व पाळी सुरू झालेली नसेल तरच भरवशाचे असते. ही अट बाळंतिणीला बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही.

दूध तोडण्याची घाई करू नका. गरोदरपण सुरळीत असेल, रक्तस्राव होत नसेल आणि पूर्वी वेळेआधी प्रसूती झालेली नसेल, तर पाजत राहायला सहसा हरकत नसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध आपोआप कमी होते आणि पुष्कळ मुले स्वतःहूनच सोडतात. त्याचे वरचे खाणे मात्र पोटभर असू द्या.

खरी काळजी हिमोग्लोबिनची आहे. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात, आणि आधीच्या बाळंतपणाला दोन वर्षेही झाली नसल्याने शरीरातला साठा भरून निघालेला नाही. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेत असाल, तर तिचा बराचसा भाग वाया जातो. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि कॅल्शियमच्या गोळीत व तिच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवा. शौचाला काळे होते म्हणून गोळी बंद करू नका. मात्रा वाढवायची का, हे डॉक्टरांना विचारा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथेही जाता येईल.

चौथ्या खेपेला कळा सुरू झाल्यावर प्रसूती फार लवकर होऊ शकते, आणि रक्त कमी असलेल्या बाईला प्रसूतीनंतरचा रक्तस्राव जास्त जड जातो. म्हणून जिथे रक्ताची सोय आहे अशाच ठिकाणी नाव नोंदवा आणि कळा वाढण्याची वाट न पाहता जिना उतरा. 102 ची गाडी गरोदर बाईसाठी मोफत येते. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर दिवाळी असो की मध्यरात्र, थांबू नका. आणि प्रसूतीनंतर 48 तासांच्या आत दवाखान्यातच तांबी बसवून घेता येते; ते आत्ताच दोघांनी बोलून ठेवलेले बरे.

सातपूरचा_बाबा :

काकूंचे बाकी सगळे पटले, पण तिघांना ऐन तोडणीत मळ्यावर पाठवणे मला धोक्याचे वाटते. आमचाही मळा आहे. त्या दिवसांत घरातले प्रत्येक माणूस बागेत असते, क्रेट वाहणारे ट्रॅक्टर दारातून फिरतात, फवारणीच्या औषधांचे डबे ओट्यावर पडलेले असतात आणि शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरलेले मोठे माणूससुद्धा सहजी वर येत नाही. चौदा महिन्यांच्या, म्हणजे तेव्हा दीड वर्षाच्या, मुलाकडे तिथे कोण बघणार? त्यापेक्षा सासूबाईंनी एकट्यांनी आठ-दहा दिवस सिडकोत यावे. तोडणीला मजूर मिळतो, आजी मिळत नाही.

दुसरे यजमानांसाठी. माझ्या पत्नीच्या तिसऱ्या खेपेला मी पर्यवेक्षकांना दोन महिने आधी भेटून शेवटच्या महिन्यापुरती रात्रपाळी बदलून मागितली होती आणि ती मिळाली. आदल्या आठवड्यात मागितली असती, तर मिळाली नसती. शिवाय रात्री दोनला निघावे लागले तर मुलांजवळ कोण झोपणार, त्या शेजाऱ्यांशी आजच बोलून घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्या.

सिडकोकर_आई :

सर्वांची आभारी आहे. गोळी मी रोज चारच्या चहाबरोबरच घेत होते, हे लिहायलाही लाज वाटते. टब काल उलटा करून ठेवला, तर धाकट्याने त्याचा ढोल केला आहे. यजमान सोमवारी पाळीबद्दल बोलणार आहेत. सासूबाईंना फोन केला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग ‘मोठीला मेथीचे लाडू खायला आवडतात का गं?’ असे त्यांनी विचारले. त्या येतील असे वाटते. खालच्या मजल्यावरच्या काकूंना किल्ली अजून दिलेली नाही, ती आज संध्याकाळी देते.