मदत हवी आहे: चुकून आलेले ८,५०० रुपये परत कसे करू?

मंडळी, नागपूरच्या गोकुळपेठ बाजाराजवळ माझं छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. परवा संध्याकाळी यूपीआयवर अनोळखी खात्यातून ८,५०० रुपये आले. तासाभरात फोन आला, "भाऊ, चुकून गेले, या दुसऱ्या नंबरवर टाका ना." आवाज रडवेला होता. पण पैसे आले एका नावाने आणि मागणी दुसऱ्याच नंबरवर, म्हणून थांबलो. फसवणुकीचा पैसा असाच फिरवतात आणि मग मधल्या माणसाचं खातं गोठतं.

बायको म्हणते, दुसऱ्याचा पैसा घरात नको. शेजारचा तर्री-पोहेवाला म्हणतो, "काहून डोकं खपवता, चूक त्याची!" मला ते पटत नाही (भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ लाही पटणार नाही; दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे आपलीशी करणं हा त्यात गुन्हा आहे).

बारा आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) घेऊन बँकेत गेलो, तर "सोमवारी या." आता लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी का? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आधीच कळवून ठेवू? कोणी हे निस्तरलं असेल तर अर्जात नेमकं काय लिहिलं ते सांगा. तोवर त्या पैशांना हात लावलेला नाही. फोन मात्र रोज येतोय.