मे अखेरीस तुर्कस्तान: कुर्बान बायरामच्या सुट्ट्यांत जावे का?

धरमपेठकर (प्रश्न):
नमस्कार. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने आम्ही २०२६ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आईला आणि मुलांना घेऊन इस्तंबूल, कापाडोकिया आणि अंताल्या पाहण्याचे ठरवत आहोत. नेमक्या त्याच दिवसांत तेथे कुर्बान बायराम, म्हणजे बकरी ईद, आहे. सहल पुढे ढकलावी का? आम्ही शाकाहारी आहोत, शिवाय आईला गर्दी सोसत नाही.

बजाजनगर:
ढकलू नका, फक्त मुक्कामांचा क्रम बदला. हा सण २७ ते ३० मे असा चार दिवसांचा आहे. सुट्टी मात्र २६ तारखेच्या दुपारपासूनच लागते आणि शेवटी रविवार जोडून येत असल्याने बँका थेट १ जूनला उघडतील. सरकार पुष्कळदा मधले कामाचे दिवसही कर्मचाऱ्यांना सुट्टीचे म्हणून देते. मग लोक गावी तरी जातात, नाहीतर अंताल्या-बोद्रुमच्या किनाऱ्यावर, आणि त्या वाटेवरच्या बस, विमाने व हॉटेले आधीच भरून जातात. इस्तंबूल मात्र त्या दिवसांत बरेच मोकळे असते. म्हणून निघणे आठवडाभर अलीकडे आणून अंताल्या आणि कापाडोकिया २५ मेपर्यंत पाहून घ्यावे आणि सणाचे दिवस इस्तंबूलमध्ये काढावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. वाटेत १९ मे येईल, पण ती एकाच दिवसाची राष्ट्रीय सुट्टी आहे. १९१९ साली मुस्तफा केमाल, म्हणजे पुढे तुर्कस्तानचे पहिले अध्यक्ष झालेले अतातुर्क, स्वातंत्र्यलढा उभारण्यासाठी सामसुन बंदरात उतरले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी जागोजागी ध्वज लागतात. प्रवाशांची त्याने अडचण होत नाही.

सदर ना.:
वरील सल्ला योग्य आहे. एक भर घालतो: इस्तंबूलचा कापालीचार्शी हा जुना छपराचा बाजार सणाचे सगळे दिवस बंद असतो आणि मोठी संग्रहालये पहिल्या दिवशी बंद राहतात किंवा उशिरा उघडतात. २७ तारखेला सूर्योदयानंतर लगेच ईदची नमाज असते, तेव्हा त्या सकाळी मशिदी पाहायला जाऊ नये. कुर्बानी ठरवून दिलेल्या जागीच करण्याचा नियम आहे, त्यामुळे आईंनी त्याची धास्ती घेऊ नये. उलट मुलांना पाहण्यासारखे पुष्कळ आहे. तेथील मुले वडीलधाऱ्यांचा हात आधी ओठांना आणि मग कपाळाला लावतात आणि त्यांच्या हातावर गोड खाऊ किंवा पैसे ठेवले जातात. दसऱ्याला सोने देऊन घरोघर पाया पडणाऱ्या आपल्या मुलांना हे लगेच उमगेल. भेटणाऱ्याला ‘इयी बायरामलार’ म्हणावे, लोकांना मनापासून आनंद होतो.

महालकर:
जेवणाविषयी: मसूर डाळीचे सूप सगळीकडे मिळते, पण त्यात कधी मांसाचे पाणी घालतात, म्हणून ‘एत्सिझ’, म्हणजे बिनमांसाचे, आहे का हे विचारूनच घ्यावे. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या आणि चीज किंवा पालक भरलेली ग्योझलेमे, म्हणजे तव्यावर भाजलेली पातळ पोळी, आईंना चालतील. सणाच्या पहिल्या सकाळी वस्तीतली छोटी भोजनालये बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी ब्रेड, दही आणि फळे घेऊन ठेवावीत.