फाशांशिवायचा बैठा खेळ सुचवा (लेकरं दोन, वयात चार वर्षांचं अंतर)

जिंतूरकर
नमस्कार मंडळी. थोरला 12 वर्षांचा, धाकटी 8 ची. बुद्धिबळ दोघांना येतं, पण थोरला शाळेत खेळून तयार झालाय आणि धाकटीचा वजीर पहिल्या दहा मिनिटांतच जातो. आता ती पटाजवळ यायलाच तयार नाही. सापशिडी आणि ल्युडो दोघांनाही नको झालेत. फासा नाही, पत्ते नाहीत, डाव अर्ध्या तासात संपावा आणि घरच्या घरी मांडता यावा, असा खेळ हवाय. आपल्याकडच्या उन्हात दुपारी लेकरांना बाहेर सोडता येत नाही, म्हणून विचारायलेय.

काळी_माती
ताई, नवकांकरी. शहाबादी फरशीवर खडूनं एकात एक तीन चौकोन काढा आणि चारही बाजूंचे मध्य आडव्या-उभ्या रेघांनी जोडा. सगळ्यात आतला चौकोन मोकळा ठेवायचा. 24 बिंदू होतात. एकाला 9 चिंचोके, दुसऱ्याला 9 मक्याचे दाणे.

आधी आळीपाळीनं एकेक सोंगटी मांडायची. सगळ्या मांडून झाल्या की रेघेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकवायची. एका रेघेवर आपल्या तीन जुळल्या की समोरच्याची एक उचलायची. जुळलेल्या तिनातली मात्र उचलता येत नाही, दुसरी शिल्लकच नसेल तर गोष्ट वेगळी. ज्याच्या दोनच उरतात किंवा ज्याला हलायला जागा राहत नाही, तो हरला.

मांडताना सगळे कोपऱ्याकडे धावतात. कोपऱ्यातून दोनच वाटा असतात. मधल्या चौकोनाच्या बाजूंच्या मध्यावर मात्र चार वाटा फुटतात. तिथं दोन सोंगट्या बसल्या की निम्मा डाव हातात आला. धाकटीला एवढं एकच आधी सांगा. आणि "तीनच उरल्या तर कुठल्याही रिकाम्या बिंदूवर उडी मारता येते" हा नियम जरूर ठेवा. काही जण ठेवत नाहीत, पण हरत आलेल्या लेकराला त्यानं शेवटपर्यंत आशा राहते.

उदगीरचा_पाहुणा
+1. 1993 मध्ये राल्फ गासर यांनी संगणकावर हा खेळ पूर्ण सोडवला. दोघंही अचूक खेळले तर बरोबरी. म्हणजे पहिली खेळी कुणाची, यावरून भांडायचं कारण नाही.

गोदाकाठ
नवकांकरी उत्तमच, पण ताईंची अडचण वेगळी आहे. दोघांकडं सारखीच फौज असली की मोठ्याचा अनुभव जिंकणारच. अशा जोडीला मी वाघ-बकरी देईन. दोन्ही बाजू मुळातच वेगळ्या असल्यामुळं "दादा माझ्यापेक्षा हुशार" हा प्रश्न थोडा बाजूला पडतो, आणि पुढच्या डावाला बाजू बदलता येतात.

पट गावोगाव वेगळा मिळेल. मी 25 बिंदूंचा सांगतो, जो नेपाळमध्ये बाघचाल म्हणून खेळतात. पाच आडव्या, पाच उभ्या रेघा, मोठ्या चौकोनाचे दोन कर्ण, आणि चार बाजूंचे मध्य जोडणाऱ्या तिरप्या रेघा. 4 वाघ चार कोपऱ्यांत. 20 बकऱ्या हातात, एका खेपेला एक मांडायची. सगळ्या मांडून होईपर्यंत पटावरची बकरी हलवता येत नाही, वाघ मात्र पहिल्यापासून फिरतो. बकरीच्या पलीकडचा बिंदू त्याच रेघेत रिकामा असेल तर वाघ उडी मारून ती खातो. 5 बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला, चारही वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या.

वेरूळवाट
थोरल्यासाठी हेक्ससुद्धा बघा. षट्कोनी घरांचा 11 बाय 11 चा पट छापून घ्यायचा, दोघांनी दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायच्या आणि समोरासमोरच्या आपापल्या कडा जोडायच्या. 1942 मध्ये डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी मांडलेला खेळ. यात बरोबरी होऊच शकत नाही. धाकटीला मात्र सध्या जड जाईल.

आणि लेकरांना एकदा वेरूळला न्या. 21 आणि 29 क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. तो फाशांचा खेळ, म्हणून सल्ल्यात धरत नाही, पण खेळात रमणाऱ्या लेकरांनी ते शिल्प बघायलाच हवं.

जिंतूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही पट फरशीवर काढलेत. धाकटीला वाघ-बकरी फार आवडलंय, स्वतःहून मांडून बसते. पण बकऱ्या घेतल्या की दर वेळी हरते. तिला काय शिकवू? आणि समोर बकरी दिसली की वाघानं खाल्लीच पाहिजे का?

गोदाकाठ
ताई, खायची सक्ती नाही. हुशार वाघ कधी कधी समोरची बकरी सोडून चांगली जागा धरतो.

बकऱ्यांचं म्हणाल तर सुरुवात कडेपासून करायची. कडेवरच्या बकरीवरून वाघाला कडेच्या रेघेनंच उडी मारता येते, बाकी दिशांना पलीकडं बिंदूच नाही. पहिली बकरी कुठल्याही बाजूच्या मधोमध ठेवायला सांगा, तिथं सुरुवातीला एकही वाघ शेजारी नसतो. वाघ कडेनं तिच्याजवळ आला की दुसरी बकरी तिच्या पाठीशी, म्हणजे वाघाच्या उलट बाजूला, लावायची. उतरायला जागा नाही, म्हणून उडी नाही. प्रत्येक खेळीआधी तिनं एवढंच विचारायचं, "हिच्या पाठीशी कुणी आहे का?"

वाघ कोंडायचा तो कोपऱ्यात. तिथं शेजारचे 3 बिंदू आणि त्या प्रत्येकाच्या पलीकडचा 1, असे 6 बिंदू भरले की तो हललाच नाही. मध्यावरच्या वाघाला आठ वाटा असतात, त्याच्या मागं लागून बकऱ्या घालवू नयेत. घाईघाईत मध्य भरायला जाणारी लेकरंच जास्त हरतात.

काळी_माती
एक भर. बकऱ्या मांडून संपल्या की एकच बकरी पुढं-मागं करत डाव लांबवता येतो. "पटावरची तीच मांडणी पुन्हा आणायची नाही" हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर थोरला वाघ घेऊन बसला की दोघांत वाद ठरलेला.

जिंतूरकर
हो, कालच झाला तो वाद. नियम फरशीवर पटाच्या बाजूलाच खडूनं लिहून ठेवते.