आयसिंग ओघळण्याविषयी आणि एका उलट्या साच्याविषयी

नाताळच्या कुकीजवर घातलेले आयसिंग कडेवरून ओघळते, ही अडचण बहुतेक वेळा एकच मिश्रण सगळीकडे वापरल्यामुळे येते. रॉयल आयसिंगसाठी (सुकल्यावर कडक होणारे आयसिंग) एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला साधारण १५० ते २०० ग्रॅम आयसिंग शुगर लागते (कच्चे अंडे नको असल्यास मेरँग पावडर, म्हणजे अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या भागाची भुकटी, घ्यावी). त्यातले थोडे घट्ट ठेवून त्याने आधी कड काढावी आणि उरलेल्यात थेंबाथेंबाने पाणी मिसळत जावे. चमच्यातून सोडलेली धार १० ते १५ सेकंदांत विरून सपाट झाली, की ते आत भरण्याजोगे झाले असे समजावे. बटर पेपरचा मेंदीसारखा कोन वळून त्याचे टोक अगदी बारीक कापावे.

रंग जेलचेच घ्यावेत, आणि लालशेजारी पांढरा येणार असेल तर पहिला थर रात्रभर सुकू द्यावा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर पंख्याखालीच.

गमतीदार आकारांसाठी नवे साचे विकत घेण्याची गरज नाही. जिंजरब्रेडच्या माणसाचा साचा उलटा धरला की त्याचे पाय शिंगे होतात, हात कान होतात आणि डोक्याच्या जागी रेनडिअरचे लांबट तोंड मिळते. त्यावर लाल नाकाचा ठिपका मी सर्वांत शेवटी, थोड्या घट्ट आयसिंगने देते, म्हणजे तो पसरत नाही आणि छान फुगीर राहतो.