पन्हाळ्यावर जुन्या घरात मुक्काम: आईला घेऊन जायचंय

राजारामपुरीकर:
पुण्याहून बहीण येणार आहे. जुलैत आईसोबत पन्हाळ्यावर दोन रात्री राहायचा बेत आहे. गड कोल्हापूरपासून जेमतेम वीस किलोमीटर, त्यामुळं आजवर सकाळी जायचं, तीन दरवाज्यापाशी झुणका-भाकरी खायची आणि दिवेलागणीला घरी, असंच झालंय. यंदा हॉटेल नको, निवास-न्याहारीवालं एखादं जुनं घर हवंय. आईचे गुडघे दुखतात. पावसात जमेल का? खोली ठरवताना काय विचारू?

गडावरची_लेक:
जमतंय की दादा, नक्की न्या! माझं माहेर गडावरचंच.

आधी गुडघ्यांचं बघू. जुन्या घराचा उंबरा वीतभर उंच आणि चौकट बसकी असते, म्हणजे पाय उचलायचा आणि मान वाकवायची, दोन्ही एकदम. म्हाताऱ्या माणसाचा तोल नेमका तिथंच जातो. म्हणून सोप्याला लागून असलेली तळची खोलीच मागा. संडास-न्हाणी खोलीला जोडून आहे की परड्यात, हे स्पष्ट विचारा. रात्री पावसात आईंना परड्यात जायला लागू नये. घरमालक स्वतः तिथंच राहतात का, तेही विचारा. घरात चूल पेटती असली की भिंती कोरड्या राहतात. बंद पडलेल्या घरात आषाढात भिंतीला हात लावला तर ओला होतो आणि अंथरूण सर्द लागतं. घरातल्या दोन वाकळा गाडीत टाका.

आणि एक मनापासून सांगते. पावसात काही दिसत नाही म्हणून लोक दुपारीच गड उतरतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता आणि महाराज विशाळगडाकडं निघाले ते याच पावसात, आषाढी पौर्णिमेच्या रात्री. शिवा काशीद, बाजीप्रभू ही नावं आपण शाळेपासून ऐकतो. पण रात्री कौलांवर पाऊस कोसळत असताना, दारातून बाहेर बघितल्यावर अंगणातली तुळससुद्धा दिसत नाही, तेव्हा कळतं त्या वाटेवर पालखी खांद्यावर घेऊन धावणं काय असेल. हे आईंना रात्री गडावर राहूनच अनुभवू द्या.

शाहूपुरीचा_वाटाड्या:
शनिवार-रविवार टाळा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले आले त्यात पन्हाळा आहे. शिवाय जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात, त्या दिवसांत खोली मिळणं अवघड. निघायच्या आदल्या दिवशी रस्त्याचीही चौकशी करा. २०२१ च्या जुलैत गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला होता.

राजारामपुरीकर:
दोघांचेही आभार. ताई, आईला चालायला लागणार नाही असं काय दाखवू? आणि जेवणाचं कसं?

गडावरची_लेक:
अंबरखान्यापाशी गाडी जवळ जाते. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं. दारात उभं राहिलं तरी आतला गारवा अंगावर येतो. सज्जाकोठीला सकाळी लवकर न्या, धुकं फाटलं तर खालची शेतं दिसतील. पायऱ्या आहेत, घाई करू नका. अंधारबाव मात्र वरूनच बघू द्या, आतल्या पायऱ्या पावसात शेवाळतात. आईंना वाचनाची आवड असेल तर सांगा, कवी मोरोपंत १७२९ मध्ये याच गडावर जन्मले.

जेवण आदल्या दिवशी फोनवर सांगा, आयत्या वेळी घरच्या बाईची तारांबळ होते. पांढरा रस्सा हवा असेल तर तसं सांगा आणि आईंसाठी तिखट बेताचं करायला सांगा. अंघोळीचं पाणी बंबात तापवत असतील तर सकाळी किती वाजता लागेल तेही रात्रीच ठरवून टाका.